मॅटर्निटी कव्हरवाली फॅमिली पॉलिसी: दोन वर्षं प्रीमियम भरला आणि ११ दिवस कमी पडले

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबलाय. ज्यांना मूल हवंय आणि त्यासाठी आत्ता पॉलिसी बघताय त्यांनी तरी पूर्ण वाचा. लिहायला मला सव्वा वर्ष लागलं कारण आधी बाळाचं सगळं, मग तक्रारीच्या मागे लागणं, आणि खरं सांगायचं तर त्या फाइलला हात लावला की अजून पोटात गोळा यायचा. कंपनीचं नाव लिहीत नाहीये. नंतर मी अजून तीन कंपन्यांची पॉलिसी वर्डिंग डाउनलोड करून वाचली, त्यातल्या दोघींमध्ये आम्हाला ज्याने अडकवलं जवळपास तेच कलम सापडलं, त्यामुळे नाव बघून तुम्ही ही टाळाल आणि दुसरीकडे त्याच खड्ड्यात पडाल.

पॉलिसी म्हणजे ५ लाखांची फॅमिली फ्लोटर (दोघांत मिळून एकच रक्कम), मी आणि नवरा, त्यावर मॅटर्निटीचा रायडर, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेलं बाळंतपणाचं कव्हर. आम्ही चिंचवडला राहतो. मी एका छोट्या ऑफिसमध्ये अकाउंट्स बघते, नवऱ्याचं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे, म्हणजे कंपनीची ग्रुप पॉलिसी दोघांनाही नाही. आधी माझा पगार १८,५०० होता तेव्हा ईएसआयसी (कमी पगारवाल्या कामगारांचा सरकारी विमा) होतं, महिन्याला १३९ रुपये कापले जायचे आणि त्यात बाळंतपण, औषधं, रजेचा पगार सगळं होतं. मला तेव्हा त्याची किंमतच कळली नाही. पगार २४,००० झाला आणि ईएसआयसीची मर्यादा २१,००० ची आहे, म्हणून मी त्यातून बाहेर पडले. साडेपाच हजार पगार वाढला आणि बाळंतपणाचं अख्खं कवच गेलं. आमच्यासारखे कितीतरी लोक या मधल्या पट्ट्यात आहेत, ईएसआयसीसाठी पगार जास्त आणि एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) बिलासाठी फारच कमी.

म्हणून २० ऑगस्ट २०२२ ला ही पॉलिसी घेतली. पहिल्या वर्षी २७,६४० आणि दुसऱ्या वर्षी २९,१५० भरले, तेव्हा १८ टक्के जीएसटी होता तो धरून. (आता २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढा तरी दिलासा.) रायडर नसता तर वर्षाला साधारण १० हजार कमी लागले असते. म्हणजे दोन वर्षांत रायडरचेच २० हजार, आणि मिळणार काय तर नॉर्मल डिलिव्हरीला ३५ हजारांपर्यंत, सिझरला ५० हजारांपर्यंत, तेही पॉलिसी घेतल्यापासून २४ महिने वेटिंग झाल्यावर. हा हिशोब आम्ही तेव्हाही केला होता, नाही असं नाही. नवरा म्हणालासुद्धा की बँकेत आरडी लावू. पण मला बाळाचं कव्हर हवं होतं. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, नवजात बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर, मूळ ५ लाखांच्या मर्यादेपर्यंत. माझ्या मावसबहिणीचं बाळ दिवस भरायच्या आधी झालं होतं आणि तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं, ते बिल मी डोळ्यांनी बघितलेलं, म्हणून त्या एका ओळीसाठी मी रायडर घेतला.

एजंट ओळखीतले, नवऱ्याच्या मित्राचे मोठे भाऊ, आम्ही दादाच म्हणतो. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा पहिला फोन आईला आणि दुसरा त्यांनाच केला. शेवटच्या पाळीची तारीख १३ डिसेंबर २०२३, म्हणजे डॉक्टरांनी तारीख दिली १८ सप्टेंबर २०२४. दादांचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे, "वहिनी टेन्शन घेऊ नका, २० ऑगस्टला वेटिंग संपतंय, तुमची तारीख सप्टेंबरची, महिनाभर हातात आहे." मीही कॅलेंडर घेऊन मोजलं होतं, ३७ आठवडे धरले तरी २८ ऑगस्ट येत होती. म्हटलं झालं, बसतंय.

या सगळ्या हिशोबात एकच गोष्ट कोणी धरली नव्हती, की बाळ लवकर आलं तर काय.

डिलिव्हरीच्या आधी हॉस्पिटलचं सांगते कारण तिथूनच त्रास सुरू झाला. आमच्या सोसायटीपासून दहा मिनिटांवर एक मॅटर्निटी होम आहे, आठ बेडचं, मॅडम वीस वर्षं तिथेच आहेत, तिसऱ्या महिन्यापासून मी त्यांच्याकडेच दाखवत होते. ते कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे करार असलेल्या हॉस्पिटलांच्या यादीत नाही. कस्टमर केअरला फोन केला तर मुलगी म्हणाली की १५ पेक्षा कमी बेड असतील तर ते आम्ही हॉस्पिटल धरतच नाही, रिइम्बर्समेंटपण होणार नाही, म्हणजे आधी आपण बिल भरून नंतरही पैसे परत मिळणार नाहीत. मी घाबरले आणि सातव्या महिन्यात मॅडमना सोडून नेटवर्कमधल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये नाव घातलं. नंतर वर्डिंग नीट वाचलं तर आमच्या पॉलिसीच्या व्याख्येत दोन पर्याय होते, स्थानिक प्रशासनाकडे कायद्याखाली रजिस्टर झालेलं हॉस्पिटल, किंवा मग बेड, चोवीस तास नर्स, स्वतःचं ऑपरेशन थिएटर वगैरे अटी पूर्ण करणारं. मधे "किंवा" आहे. मॅडमच्या रिसेप्शनमध्ये नर्सिंग होम रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं होतं, मी चार महिने त्याच्यासमोर बसत होते. फोनवर जे सांगतात ते मेलवर लिहून मागा, मी नाही मागितलं. आणि सातव्या महिन्यात डॉक्टर बदलणं काय असतं ते ज्या बायकांनी केलंय त्यांना विचारा. मॅडमना माझा हात बघून कळायचं की सूज वाढलीये, नवीन ठिकाणी दर वेळी वेगळा डॉक्टर आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं.

१७ जुलैला, आषाढीच्या दिवशी, डोकं भयंकर दुखायला लागलं आणि डोळ्यांसमोर चमकल्यासारखं व्हायला लागलं. सासूबाई म्हणाल्या उपासाने पित्त झालं असेल, पण आईने फोनवर ऐकलं आणि म्हणाली आत्ताच्या आत्ता जा. बीपी १६०/११०, लघवीत प्रोटीन. ३१ आठवडे पूर्ण झाले होते. तीन दिवस ठेवलं, गोळ्या लावल्या, बाळाच्या फुफ्फुसांसाठीची इंजेक्शनं दिली आणि बीपी रोज घरी मोजायचं सांगून सोडलं. रविवारी डोहाळजेवण ठेवलं होतं, हिरवी साडी इस्त्री करून कपाटाला टांगलेली, ते रद्द केलं. बिल ३१,२०० आलं आणि क्लेम नाकारला, कारण काय तर प्रेग्नन्सीशी संबंधित, वेटिंग पूर्ण नाही. तेव्हा आम्ही भांडलो नाही, म्हटलं मोठा क्लेम पुढे आहे, आत्ता कशाला वाकडं घ्या. ही आमची चूक होती, त्याचं पुढे सांगते.

९ ऑगस्टला नागपंचमी होती. सकाळी घरच्या मशीनवर बीपी १७० दाखवत होतं, मला वाटलं मशीन बिघडलं म्हणून दोनदा लावलं. हॉस्पिटलला पोचेपर्यंत पोटात वरच्या बाजूला कळा. डॉक्टरांनी सांगितलं थांबता येणार नाही, तुम्हाला झटके येऊ शकतात, बाळालाही धोका आहे. मॅग्नेशियमची सलाइन लावली, अंगातून आग गेल्यासारखं होतं त्याने, आणि संध्याकाळी सिझर. ३४ आठवडे २ दिवस, मुलगी, १ किलो ७४० ग्रॅम. मला फक्त एकदा गालाला लावून वर एनआयसीयूत नेली. तिचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा बारीक होता पण ती रडली, तेवढंच मला पुरे होतं. पॉलिसी, वेटिंग, तारीख, यातलं काही त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. नवऱ्याच्याही नव्हतं, त्याने फक्त कार्ड आणि आधार काउंटरला दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅशलेसची (कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते त्याची) पहिली मंजुरी आली, ३० हजार. आम्ही निर्धास्त.

१४ ऑगस्टला माझा डिस्चार्ज होता. बाळ वर तिसऱ्या मजल्यावर, मी दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यायला जात होते, टाके ताजे, जिना चढवत नव्हता म्हणून लिफ्टची वाट बघत भिंतीला धरून उभी राहायचे. सकाळी ११ ला फाइल हॉस्पिटलमधल्या टीपीए डेस्कवरून (विम्याचे कागद बघतात तिथून) कंपनीला गेली. दुपारी २ ला क्वेरी, पहिल्या तपासणीचा कागद पाठवा ज्यावर पाळीची तारीख आहे. नवरा घरी जाऊन घेऊन आला. ५ ला दुसरी क्वेरी, डिलिव्हरी मुदतीआधी का झाली याचं डॉक्टरांचं पत्र द्या. डॉक्टर ओटीत होते, त्यांनी बाहेर येऊन लिहून दिलं. खोली रिकामी करायला सांगितली होती म्हणून मी बिलिंगसमोरच्या स्टीलच्या खुर्चीवर, आईने पाठीमागे शाल गुंडाळून ठेवली होती. ७ वाजून ४० मिनिटांनी मेल आला, अ‍ॅडमिशनच्या तारखेला २४ महिने पूर्ण नाहीत, दावा अमान्य, आधीची मंजुरी रद्द.

माझा सगळ्यात मोठा राग या दिवसावर आहे. पॉलिसी कधी सुरू झाली ते त्यांच्याच सिस्टिममध्ये आहे, १० तारखेला ३० हजार मंजूर करताना बघता आलं असतं, मग आम्ही पाच दिवसांत पैशांची सोय तरी केली असती, निदान स्वस्तातली रूम घेतली असती. ओल्या बाळंतिणीला साडेआठ तास खुर्चीवर बसवून, दोन क्वेऱ्या काढून, शेवटी जे उत्तर दिलं त्याला त्या दोन कागदांची गरजच नव्हती. टीपीए डेस्कवरची मुलगी बिचारी माझ्याकडे बघू शकत नव्हती, तिनेच मला तिच्या डब्यातली भाकरी दिली होती दुपारी.

आता बाळाचं. मला वाटलं माझं नाही तर नाही, ५० हजार गेले, पण पोरीचं तर पहिल्या दिवसापासून कव्हर आहे ना. दादांना फोन केला, ते म्हणाले विचारून सांगतो, मग दोन दिवस त्यांचा फोन लागेना. शेवटी मीच एनआयसीयूच्या बाहेर बसून ४२ पानांची पीडीएफ मोबाइलवर झूम करून वाचली. रायडरच्या शेवटी, ब्रोशरमध्ये कुठेही नसलेलं वाक्य होतं, ज्याचा अर्थ असा की मातृत्वाचा दावा स्वीकारला गेला असेल तरच बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर, नाहीतर ९१ व्या दिवसापासून. म्हणजे आईचा क्लेम गेला की बाळाचा आपोआप गेला. ज्या ओळीसाठी मी दोन वर्षं जादा पैसे भरले ती ओळच नेमकी लवकर जन्मलेल्या बाळाला लागू नव्हती. पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं, ठणठणीत बाळ असतं तर कव्हर होतं, पण मग त्याला त्या कव्हरची गरज तरी किती लागली असती?

त्याच दिवसांत फोनवर मेसेज यायला लागले, तुमची पॉलिसी २० ऑगस्टला संपतेय, रिन्यू करा, कुटुंब सुरक्षित ठेवा. १९ ला राखीपौर्णिमेला भाऊ आला तो एनआयसीयूच्या बाहेरच, मी त्याला तिथेच राखी बांधली. २० ला वेटिंग संपलं, आम्ही तिसरा प्रीमियम भरला कारण नाही भरला तर इतकी वर्षं गेली असती, आणि २१ ला मुलगी घरी आली. बारा दिवस. पहिले तीन दिवस श्वासासाठी मशीन, मग नळीने दूध, मग कांगारू, म्हणजे तिला उघड्या छातीवर घेऊन तासन्‌तास बसायचं, नर्सबाईंनी मला इतक्या मायेने शिकवलं ते. मी कंपनीला विचारलं की २० तारखेनंतरचा एक दिवस तरी धरा, उत्तर आलं, अ‍ॅडमिशनची तारीख धरतात.

बिलं अशी, सिझर आणि माझं सगळं मिळून १,१२,४००, एनआयसीयू १,६३,९००. एकूण २,७६,३००, जुलैचे ३१,२०० वेगळे. ९५ हजारांची एफडी मोडली, माझ्या पाटल्यांवर १ लाख २० हजारांचं गोल्ड लोन काढलं, उरलेलं दिराने दिलं. पाटल्या आत्ता दिवाळीत सुटल्या.

तक्रारीचं सविस्तर लिहिते कारण यातलं तुमच्या उपयोगाचं आहे. आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल केला. माझ्या चुलतभावाने सांगितलं की इर्डाचं (विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेचं) २९ मे २०२४ चं मास्टर सर्क्युलर आहे, त्यात कॅशलेसची पहिली मंजुरी एक तासात आणि डिस्चार्जची शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायची, तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने स्वतःच्या खिशातून भरायचे. आणि ही सगळी व्यवस्था ३१ जुलै २०२४ पर्यंत करायची होती, माझा डिस्चार्ज त्यानंतर दोन आठवड्यांनी. हॉस्पिटलने उशिरामुळे अर्ध्या दिवसाची रूम लावली होती, २,२५० रुपये. ते मी फाइल पाठवल्याची आणि मेल आल्याची वेळ स्क्रीनशॉटसकट लिहून मागितले. १९ दिवसांत खात्यात आले. रक्कम काहीच नाही पण त्या दिवशी मी रडले, कारण पहिल्यांदा कोणीतरी कबूल केलं की तुम्हाला उगाच बसवलं.

बाकीचं त्यांनी फेटाळलं. मग विमा लोकपालांकडे गेले, ते विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर लोकपालांकडे, एक वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, स्वतःच बोलायचं. ऑनलाइन अर्ज होतो. मुलीला मांडीवर घेऊनच मी व्हिडिओवर सुनावणीला बसले. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी, घाई केली नाही. डिलिव्हरी आणि एनआयसीयूचा निकाल माझ्या विरोधात गेला, कलम स्पष्ट आहे, २४ महिने म्हणजे २४ महिने. दादांचा मेसेज मी दाखवला, पण त्यात कंपनीने काही लेखी दिलेलं नव्हतं. पण जुलैच्या अ‍ॅडमिशनवर कंपनीलाच विचारलं गेलं की यात डिलिव्हरी झालेली नाही, उपचार बीपीचे आहेत, मग हे बाळंतपणाच्या कलमात कसं, आणि तिथेच कंपनीच्या माणसाने तो क्लेम द्यायचं मान्य केलं. ३१,२०० पैकी २६,४८० मिळाले. म्हणून म्हणते, गरोदरपणातलं अ‍ॅडमिशन नाकारलं म्हणून गप्प बसू नका. नाकारायचं असेल तर कंपनीला रिव्ह्यू कमिटीची मंजुरी घ्यावी लागते आणि पत्रात नेमकं कोणतं कलम ते लिहावं लागतं, ते कलम काढून शब्द न्‌ शब्द वाचा. आम्ही जुलैमध्येच भांडलो असतो तर निदान तेव्हाच डोळे उघडले असते.

मधे माझ्या नणंदेचं बाळंतपण झालं, मार्च २०२५ मध्ये, गावाकडे, कुठलीही पॉलिसी नसताना. ते इथे सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. तिची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात, त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ येतात आणि गरोदर बायकांना फुकट बघतात, आशाताई घरी येऊन आठवण करायच्या. कळा सुरू झाल्या तेव्हा तालुक्याच्या रुग्णालयात रात्री भूल देणारे डॉक्टर नव्हते, म्हणून ४० किलोमीटरवर जिल्ह्याला पाठवलं, अँब्युलन्समध्ये तो सव्वा तास ती आणि सासूबाईंनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. ही गोष्ट मी कधीच बरोबर म्हणणार नाही, तालुक्याला सिझर होऊ शकत नसेल तर बाईने जायचं कुठे. वॉर्डमध्ये गर्दी इतकी की सोबतच्या बाईला व्हरांड्यात सतरंजीवर झोपावं लागलं. पण सिझर झालं, बाळाला कावीळ झाली तर सहा दिवस नवजात कक्षात ठेवलं, औषधं, तपासण्या, आईचं जेवण, घरी सोडायची गाडी, बिल शून्य. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे सगळं मोफत आहे, आजारी बाळाचे उपचारसुद्धा, एक वर्षापर्यंत. वर मातृ वंदना योजनेचे पहिल्या मुलासाठीचे ५ हजार. तिथे कोणी विचारलं नाही की बाळ लवकर का आलं आणि पेपरवर तारीख काय आहे.

मी सरकारीत का नाही गेले असं मला चार जणांनी विचारलं. मनात पॉलिसी होती म्हणून. पॉलिसी असली की माणूस खासगीचाच विचार करतो, आणि ती ऐनवेळी हातातून गेली की मग खासगीचं बिल उरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी हॉस्पिटलांतल्या डिलिव्हरीपैकी ४७.४ टक्के सिझरने झाल्यात, सरकारीत १४.३ टक्के. म्हणजे खासगीत जाताना नॉर्मलचे ३५ हजार डोक्यात ठेवण्यात अर्थ नाही, सिझरचाच खर्च धरा, आणि त्यावर ५० हजारांची मर्यादा आमच्याकडे निम्म्यालाही पुरली नसती.

ज्यांना आत्ता घ्यायचीये त्यांना एवढंच सांगते, मॅटर्निटीची रक्कम शेवटी बघा, आधी नवजात बाळाचं कलम बघा, आणि त्यात "मातृत्वाचा दावा मान्य असल्यास" अशी अट आहे का ते शोधा. असेल तर मेलवर विचारा की वेटिंगमध्ये बाळ झालं तर एनआयसीयूचं काय, आणि उत्तर जपून ठेवा. २४ महिन्यांचं वेटिंग असेल तर नियोजनात शेवटची तारीख धरू नका, त्याच्या दोन-तीन महिने पुढे धरा, विशेषतः बीपी, शुगर, थायरॉईड यातलं काही असेल किंवा जुळी असतील तर. नऊ-बारा महिने वेटिंगवाल्या पॉलिसी आहेत, प्रीमियम जास्त आहे, पण दोन वर्षांचे रायडरचे पैसे मिळवून बघा, फार फरक पडत नाही. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस असतात परत करायला, त्या ३० दिवसांत पूर्ण वाचा, सोबत येणारं ग्राहक माहितीपत्रक तर वाचाच, ते चार-पाच पानांचंच असतं. आणि नवऱ्याच्या किंवा तुमच्या ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर आधी तिच्याकडे वळा, बहुतेक ठिकाणी त्यात मॅटर्निटीला वेटिंग नसतं. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसी आहे का ते एचआरला विचारा, लाज वाटून घेऊ नका.

कंपनीबद्दल चांगलंही लिहायला हवं. नवऱ्याला मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला तेव्हा कॅशलेस खरंच अर्ध्या तासात आलं आणि डिस्चार्जलाही दोन तास लागले, पूर्ण पैसे मिळाले. म्हणजे साध्या आजारपणाला ही पॉलिसी चालते, म्हणूनच ठेवलीये. मॅटर्निटी रायडर मात्र ऑगस्टमध्ये काढून टाकला. त्यासाठी पण तीन मेल करावे लागले, रिन्युअलच्या लिंकमध्ये तो आधीच टिक करून येतो.

मुलीला पॉलिसीत घ्यायला ९० दिवसांनी फॉर्म भरला तर प्रीमॅच्युअर म्हणून डिस्चार्ज समरी, डोळ्यांची तपासणी, कानांची तपासणी, बालरोगतज्ज्ञांचं पत्र सगळं मागितलं. दीड महिना लागला. घेतलं शेवटी. आता ती सोळा महिन्यांची होतेय, वजन नऊ किलो दोनशे, भिंतीला धरून चालते.

मूळ पॉलिसीला साडेतीन स्टार, मॅटर्निटी रायडरला एक.